हरकत घेणाऱ्यांच्या कागदांत सापडलेली बस कंपनी

पूर्व इंग्लंडमधील एका शेतीप्रधान काउंटीत तीन पिढ्या चाललेली एक लहान बस कंपनी बंद झाली, तेव्हा मालक कुटुंबाने उरलेली कागदपत्रे काउंटीच्या अभिलेखागाराकडे सोपवली. त्यांची सूची करून कंपनीचा इतिहास लिहिण्याचे काम तिथे स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे आले. कुटुंबाच्या इच्छेनुसार कंपनीचे आणि तिच्या गावाचे नाव मी येथे देत नाही. ब्रिटनमध्ये नगरपालिकेच्या, रेल्वेशी भागीदारी असलेल्या मोठ्या समूहांच्या किंवा पुढे सरकारच्या मालकीत न आलेल्या अशा कंपन्यांना बस व्यवसायातील लोक ‘इंडिपेंडंट’ म्हणतात. ही कंपनी त्याच वर्गातली होती. सात-आठ गाड्या, एक गॅरेज, आसपासची दहा-बारा गावे आणि बाजाराचे एक शहर, एवढाच तिचा पसारा होता. अशा कंपनीचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमके काय करावे लागते, हे मला या कामातून कळले, आणि ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

कुटुंबाने दिलेल्या खोक्यांत शेवटच्या वीसएक वर्षांची बिले, विम्याची कागदपत्रे, टायरवाल्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि छायाचित्रांची दोन पाकिटे होती. पहिल्या पन्नास वर्षांचे जवळपास काहीच नव्हते. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण लहान व्यावसायिक करखात्याला लागतील तेवढीच वर्षे कागद सांभाळतो आणि गॅरेजमध्ये जागा हवी झाली की ते जाळून टाकतो. छायाचित्रांतही ठरावीक गोष्टीच दिसत होत्या. नवीन गाडी आली की तिच्यासमोर उभे राहून काढलेला फोटो होता, समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचा फोटो होता, पण पावसाळी मंगळवारी सहा प्रवासी घेऊन निघालेल्या गाडीचा फोटो कोणीही काढलेला नव्हता. कंपनीने स्वतःजवळ स्वतःचे चांगले दिवसच तेवढे जपले होते. रोजचे काम शोधायचे तर बाहेर जाणे भाग होते.

कुटुंबात एक कथा चालत आली होती. पहिले महायुद्ध संपल्यावर संस्थापकांनी लष्कराचा शिल्लक ट्रक विकत घेतला, त्यावर बाके बसवली आणि 1919 मध्ये बस सुरू केली, अशी ती कथा. त्या काळी हजारो लष्करी वाहने विक्रीला निघाली होती आणि ब्रिटनमधील कित्येक बस कंपन्यांचा आरंभ अशाच वाहनातून झाला, त्यामुळे कथा खोटी मानण्याचे कारण नव्हते. तरीही पुरावा पाहणे आवश्यक होते. त्यासाठी आम्ही प्रथम केलीज डिरेक्टरीचे जुने खंड काढले. या व्यवसाय-सूचीत प्रत्येक गावातील लोहार, किराणा दुकानदार आणि शिक्षक यांच्याबरोबर ‘कॅरियर’ म्हणजे घोडागाडीने माल आणि माणसे बाजाराच्या शहरात नेणारे व्यावसायिकही नोंदलेले असत. त्यांचे वार कोणते आणि शहरातील कोणत्या सराईच्या आवारात ते गाडी सोडतात, हेसुद्धा तिथे छापलेले असे. संस्थापकांचे वडील तिथे सापडले. बुधवार आणि शनिवार हे त्यांचे वार होते. पुढे नातवाच्या काळात छापलेल्या वेळापत्रकातही बुधवार आणि शनिवारच होते, आणि बस त्याच सराईसमोरच्या चौकातून सुटत होती. म्हणजे मोटार येण्याच्या कितीतरी आधी वेळापत्रक आलेले होते, आणि घोडा जाऊन इंजिन आले तरी मार्ग, वार आणि थांबण्याची जागा तीच राहिली. माझ्या मते या कंपनीचा खरा आरंभ त्या घोडागाडीपाशी आहे, लष्करी ट्रक हा तिचा दुसरा अध्याय आहे.

ट्रकचा पुरावा मोटार कराच्या नोंदवहीत होता. ब्रिटनमध्ये 1904 पासून वाहनांची नोंदणी काउंटी आणि मोठ्या शहरांच्या परिषदांकडे होती, आणि 1974 पासून हे काम स्वान्झी येथील केंद्रीय कार्यालयाकडे जाऊ लागल्यावर अनेक परिषदांनी आपल्या नोंदवह्या नष्ट केल्या. आमच्या काउंटीतल्या सुदैवाने वाचल्या होत्या. एका ओळीत गाडीची बनावट, रंग, वजन, मालकाचे नाव आणि कराचा वर्ग अशी माहिती असते. 1921 पासून मालवाहू गाडीचा कर तिच्या वजनावर आणि भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीचा कर तिच्या आसनांवर ठरत असे. संस्थापकांच्या पहिल्या गाडीच्या ओळीत आधी मालवाहतुकीचा वर्ग लिहिलेला होता, तो लाल शाईने खोडून वर प्रवासी वर्ग लिहिला होता, आणि काही महिन्यांनी पुन्हा बदल केला होता. ती ओळ वाचताना गॅरेजचे छप्पर मला डोळ्यांसमोर दिसू लागले, कारण संस्थापकांच्या नातीने आम्हाला त्या छपराच्या तुळईला बसवलेली कप्पी दाखवली होती. सोमवार ते शुक्रवार कोळसा आणि धान्याची पोती वाहणाऱ्या गाडीचा मागचा भाग साखळीने उचलून बाजूला काढायचा आणि शनिवारी तिथे बाके असलेली बॉडी खाली सोडायची, अशी त्या काळातील सर्वत्र रूढ असलेली पद्धत तिथेही होती. नोंदीतील तारीख मात्र कुटुंबाच्या 1919 शी जुळत नव्हती. गाडी त्यांच्या नावावर काही वर्षांनंतर चढली होती. या विसंगतीकडे मी पुढे येईन.

यानंतरचा टप्पा या कामातील सर्वांत समृद्ध भाग होता. 1930 चा रोड ट्रॅफिक अॅक्ट येईपर्यंत बससाठी परवाना द्यायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी शहराची परिषद ठरवत असे, तेही 1847 च्या, घोडागाड्यांसाठी केलेल्या कायद्याच्या आधाराने, आणि अनेक खेड्यांत तेवढेही बंधन नव्हते. 1930 च्या कायद्याने देशाचे वाहतूक विभाग पाडले, प्रत्येक विभागावर ट्रॅफिक कमिशनर नेमले आणि 1931 पासून प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र परवाना सक्तीचा केला. गाडीचा परवाना वेगळा, चालकाचा वेगळा, वाहकाचा वेगळा. भारतात 1939 च्या मोटार वाहन कायद्याने टप्पा वाहतुकीच्या परवान्याची जी पद्धत आणली, तिच्याशी परिचय असणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. परवान्यासाठी केलेला प्रत्येक अर्ज ‘नोटिसेस अँड प्रोसीडिंग्ज’ या अधिकृत पत्रकात छापला जाई, त्यावर हरकती मागवल्या जात आणि जाहीर सुनावणी होई. लहान मालकांना हा कायदा जाचक वाटला असणार, पण इतिहास लिहिणाऱ्यासाठी त्याने असे दार उघडले की, 1931 ते 1986 या काळात अशी कोणतीही कंपनी पूर्णपणे अंधारात राहू शकली नाही. ही पत्रके बसविषयक अभिलेख जपणाऱ्या संस्थांकडे आहेत. 1929 मध्ये स्थापन झालेल्या ऑम्निबस सोसायटीच्या सदस्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जमवून ठेवली नसती, तर हे काम झालेच नसते.

आमच्या कंपनीचा पहिला अर्ज त्या पत्रकात चार ओळींचा आहे. अर्जदाराचे नाव, मार्गाची दोन टोके, मधली गावे, आणि ‘फक्त बुधवार व शनिवार’. त्याखाली हरकतदारांची नावे आहेत: रेल्वे कंपनी आणि त्या भागातील मोठी बस कंपनी. रेल्वे कंपन्यांना 1928 मध्ये रस्त्यावर बस चालवण्याचे अधिकार मिळाले होते, पण बहुतेक ठिकाणी त्यांनी स्वतः गाड्या घेण्याऐवजी मोठ्या बस कंपन्यांचे भाग खरेदी केले, त्यामुळे सुनावणीत हे दोघे एकाच बाजूला उभे राहत. स्थानिक वर्तमानपत्राने सुनावणीचा वृत्तांत दोन स्तंभांत छापला होता, आणि अभिलेखागारात रेल्वेच्या वकिलाने सादर केलेल्या निवेदनाची प्रतही मिळाली. संस्थापकांची बस अनावश्यक आहे हे सिद्ध करण्यासाठी रेल्वेने एक माणूस सलग काही शनिवार चौकात उभा करून त्या बसमधून उतरणारे प्रवासी मोजले होते. कोणत्या गावाहून किती, सकाळच्या फेरीला किती, परतीला किती, असा तो तक्ता होता. त्या दशकातील कंपनीच्या प्रवाशांची दुसरी कोणतीही मोजणी अस्तित्वात नाही. ती बंद पाडू पाहणाऱ्यांनीच तिचा सर्वांत काटेकोर हिशेब ठेवला, आणि तो नव्वद वर्षे टिकला.

परवाना मिळाला, कारण कायद्यापूर्वीपासून चालू असलेल्या सेवांना कमिशनर सहसा मान्यता देत. पण तो अटींसह मिळाला. शहराकडे येताना शेवटच्या दोन मैलांत नवीन प्रवासी घ्यायचा नाही आणि शहरातून निघताना त्या दोन मैलांत कोणाला उतरवायचे नाही. तो पट्टा मोठ्या कंपनीचा होता. हे वाचताना एक कोरडी अट वाटते, म्हणून आम्ही जुना नकाशा घेऊन तो रस्ता पायी चाललो. शहराच्या हद्दीलगतच्या नव्या वस्तीसमोरून, जिथे प्रवासी हमखास मिळाले असते, तिथून ही बस दाराला कडी लावून जात असे. पुढील कित्येक दशके कंपनी लहान का राहिली याचे उत्तर मला त्या दोन मैलांत सापडते. संस्थापकांत धडाडी कमी होती असे कोणी म्हणेल, तर मी ते मान्य करणार नाही. वाढ जिथे शक्य होती ती जागाच परवान्याने कापून घेतली होती. त्याच परवान्याने दुसरीकडे संरक्षणही दिले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांच्या दहा-बारा गावांत मग दुसरा कोणी सहजासहजी येऊ शकला नाही, आणि म्हणूनच कंपनी तीन पिढ्या टिकली.

युद्धकाळाबद्दल फार कागद नाहीत. इंधनाचे रेशनिंग झाले, संध्याकाळच्या फेऱ्या कापल्या गेल्या, आणि पूर्व इंग्लंडभर विमानतळ बांधले जात असल्याने मजुरांची ने-आण करण्याचे काम लहान मालकांना मिळाले. कंपनीला सरकारी वाटपातून एक बेडफर्ड ओडब्ल्यूबी मिळाली. 1942 पासून बनवलेल्या या बसमध्ये बत्तीस प्रवाशांसाठी गादी नसलेली लाकडी पट्ट्यांची आसने होती. त्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला ती आसने हाताने हवेत आखून दाखवली.

कंपनीच्या स्वतःच्या कागदांपैकी एकच संच खऱ्या अर्थाने बोलका निघाला, आणि तो खोक्यांत नव्हता. गॅरेज रिकामे करताना माळ्यावर, पुठ्ठ्यांखाली, वाहकांची वेबिले मिळाली. फेरीच्या आरंभी तिकिटाचा कोणता क्रमांक होता आणि शेवटी कोणता, हे वेबिलात प्रत्येक दरासाठी लिहावे लागते. दोहोंतील फरक म्हणजे विकलेली तिकिटे. सुरुवातीची वेबिले रंगीत तिकिटांच्या काळातली होती. वाहक प्रत्येक दराचे वेगळ्या रंगाचे तिकीट बेल पंच यंत्रात घालून छिद्र पाडे, यंत्राची घंटा वाजे आणि पडलेला कागदाचा तुकडा यंत्राच्या पोटात राही, म्हणजे हिशेबाचा वाद झाला तर ते तुकडे मोजता येत. नंतर सेटराइट यंत्र आले, ज्यात चकत्या फिरवून दर लावायचा आणि कागदाच्या गुंडाळीवर तिकीट छापायचे. 15 फेब्रुवारी 1971 रोजी चलन दशमान होईपर्यंत सगळे आकडे पौंड, शिलिंग आणि पेन्सचे. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हे गणित मनात घेऊनच आम्हाला ती वेबिले जुळवावी लागली.

काम संथ होते, पण त्यातून जे दिसले ते दुसऱ्या कोणत्याही कागदात दिसले नसते. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला शनिवारी रात्री चित्रपट सुटल्यावर निघणाऱ्या बसची वेबिले भरगच्च आहेत. काही वेळा मागून दुसरी गाडी सोडावी लागल्याची नोंद आहे. दशकाच्या अखेरीस त्याच फेरीला आठ-दहा तिकिटे उरतात. मधल्या काळात घराघरांत दूरदर्शन संच आले होते. खासगी मोटारींनी बस संपवली असे सर्रास म्हटले जाते, पण आमच्या वेबिलांप्रमाणे सगळ्यात आधी रात्रीची फेरी रिकामी झाली, आणि त्या वेळी या गावांत मोटारी अजून मोजक्याच होत्या. बाजाराच्या दिवसाची सकाळची फेरी त्यानंतर कितीतरी वर्षे टिकून होती. वेबिलांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले शेरेही आहेत. 1963 च्या जानेवारीत, त्या कुप्रसिद्ध हिवाळ्यात, एका वेबिलावर एवढेच लिहिले आहे: ‘बर्फ. पुलापासून परत. भाडे परत दिले.’ तीन प्रवासी होते. तिघांचेही पैसे परत केल्याची नोंद वाहकाने खाली वेगळी मांडली आहे.

प्रवासी घटत असताना कंपनी तगली कशी, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. उत्तर शाळेत होते. 1944 च्या शिक्षण कायद्यात शाळेपर्यंतच्या चालण्याच्या अंतराची मर्यादा आठ वर्षांखालील मुलांसाठी दोन मैल आणि मोठ्यांसाठी तीन मैल अशी ठरली, आणि त्यापलीकडे राहणाऱ्या मुलांच्या प्रवासाची सोय शिक्षण प्राधिकरणाला करावी लागे. गावोगावच्या लहान शाळांतील मोठी मुले शहराच्या शाळेत जाऊ लागली तसे हे कंत्राट वाढत गेले. सकाळी आणि दुपारी मुलांच्या फेरीने गाडीचा आणि चालकाचा खर्च निघे, आणि मधल्या वेळेत तीच गाडी बाजाराला जाई. बाजाराची बस आणि शाळेची बस या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. एकीच्या आधारावर दुसरी उभी होती. बसप्रेमींच्या लेखनात शाळेच्या कंत्राटांना फारशी जागा मिळत नाही, ही उणीव मला गंभीर वाटते.

दरम्यान 1959 च्या फेब्रुवारीअखेर मिडलँड अँड ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे बहुतेक मार्ग बंद झाले आणि त्यानंतर चार वर्षांनी तोट्यातील रेल्वेमार्ग आणि स्थानके बंद करण्याची शिफारस करणारा डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. ज्या रेल्वेने 1931 मध्ये हरकत घेतली होती, तिचे आमच्या गावांतील स्थानक ओस पडले आणि रेल्वेऐवजी चालवायच्या बसचा परवाना याच कंपनीला मिळाला. ग्रामीण बससेवेला सरकारी मदत द्यावी असे 1961 मध्ये प्राध्यापक जॅक यांच्या समितीने सुचवले होते. प्रत्यक्ष तरतूद 1968 च्या वाहतूक कायद्यात झाली, ज्यात स्थानिक परिषदांना अनुदानाची मुभा आणि नव्या बसच्या किमतीचा काही भाग सरकारने देण्याची योजना होती. तोवर कंपनीने नवीकोरी बस घेणे जवळपास सोडून दिले होते. छायाचित्रांत सत्तरीच्या दशकात अचानक नवी गाडी दिसते, ती या योजनेमुळे.

माणसांशी बोलणे हा कामाचा वेगळाच भाग होता. निवृत्त चालक, वाहक, रोजचे प्रवासी यांच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित केल्या. औषधाच्या बाटल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दुरुस्त केलेले बूट ही बस दारोदार पोचवत असे. थांब्यावर नेहमीची बाई दिसली नाही तर चालक हॉर्न वाजवून क्षणभर थांबे. अशा आठवणींत तपशील अचूक असतात आणि वर्षे मात्र एकमेकांत मिसळलेली असतात. ती सोडवण्यासाठी गाड्यांची यादी उपयोगी पडली. 1943 मध्ये स्थापन झालेल्या पीएसव्ही सर्कल या बसप्रेमींच्या संस्थेने चेसिस क्रमांक, बॉडी बनवणारा, खरेदी आणि विक्री यांच्या नोंदी अफाट चिकाटीने ठेवल्या आहेत. ‘ती हिरवी, पुढे नाक असलेली गाडी होती तेव्हाची गोष्ट’ असे कोणी सांगितले की, ती बेडफर्ड ओबी कंपनीत कधी आली आणि कधी विकली हे यादीत पाहून आठवणीचा काळ ठरवता येई. गाडीच्या क्रमांकांवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांकडे मी पूर्वी अलिप्तपणे पाहत असे. आता त्या याद्यांबद्दल मला नितांत आदर आहे.

26 ऑक्टोबर 1986 रोजी 1985 च्या कायद्यानुसार लंडनबाहेरील मार्गांचे परवाने रद्द झाले. आता ठरावीक मुदतीची पूर्वसूचना देऊन सेवा नोंदवली की काम भागे, आणि नफा न देणाऱ्या पण आवश्यक अशा फेऱ्या काउंटी निविदा काढून चालवून घेई. दोन मैलांची ती जुनी अट त्या दिवशी संपली, पण तिचा लाभ घ्यायला फार उशीर झाला होता. हरकती आणि सुनावण्याही संपल्या, आणि त्यांच्याबरोबर आमचा मुख्य स्रोतही आटला. शेवटच्या दशकांचा इतिहास, जो सर्वांत सोपा असेल असे वाटत होते, तोच सर्वांत अवघड ठरला. निविदांच्या फायली व्यापारी गोपनीयतेमुळे मिळत नाहीत, पत्रव्यवहार ईमेलमध्ये होता आणि संगणक टाकून दिलेले आहेत. शाळेचे एक महत्त्वाचे कंत्राट गेले, चालक मिळेनासे झाले आणि तिसऱ्या पिढीने निवृत्त होण्याचे ठरवले, एवढे कुटुंबाच्या सांगण्यावरून लिहिता आले.

लिहिताना आमच्या गटात मतभेद झाले. काहींना गाड्यांची सचित्र यादी हा पुस्तकाचा गाभा वाटत होता. माझा आग्रह वेळापत्रकांवर होता, कारण कोणत्या गावाला कोणत्या दिवशी शहर गाठता येत होते हे त्यातूनच कळते. शेवटी प्रत्येक दशकाचे एक वेळापत्रक मूळ स्वरूपात प्रकरणांच्या आरंभी आले आणि गाड्यांची यादी परिशिष्टात गेली. 1919 चा प्रश्न संस्थापकांच्या नातीसमोर आम्ही नोंदवहीची प्रत आणि डिरेक्टरीचे पान ठेवून मांडला. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचले. गॅरेजच्या पाटीवर 1919 च होते आणि ते तसेच छापावे, पण घोडागाडीचे पान त्याच्या आधी यावे, असे त्यांनी सुचवले. पहिल्या प्रकरणात आता तिन्ही गोष्टी आहेत: कुटुंबाची कथा कथा म्हणून, नोंदवहीतील तारीख तळटीपेसह, आणि त्याआधी बुधवार-शनिवारचे कॅरियर. वेबिले आणि वेळापत्रके सूचीत चढली असून वाचकांना पाहण्यासाठी खुली आहेत. पगाराच्या वह्यांत हयात माणसांची माहिती असल्याने त्या तूर्त बंद ठेवल्या आहेत. ध्वनिमुद्रणांचे लेखी रूपांतर अजून चालू आहे.